विरघळणारी ऑप्टिकल फायबर

समुद्रपूरला इंटरनेट आणणारी ऑप्टिकल फायबर सिलिका काचेची असते. ती पाण्यात विरघळत नाही. उपचारासाठी आत प्रकाश पोचवायला तीच शरीरात बसवली, तर काम झाल्यावर काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल.

फॉस्फेट काच मात्र विरघळते. पाण्याने तिच्यातले फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तुटतात आणि कॅल्शियम, फॉस्फेट असे शरीराच्या ओळखीचे आयन सुटतात. काचेत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम वाढवलं की हा वेग मंदावतो.

इटलीत तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधल्या गटाने २०१६ मध्ये अशी फायबर मांडली. तिच्यात १,३०० नॅनोमीटरला प्रकाशाचा ऱ्हास मीटरमागे सुमारे २ डेसिबल आहे. सिलिकेच्या उत्तम फायबरमध्ये एवढा ऱ्हास व्हायला साधारण १० किलोमीटर लागतात! पण शरीरात १० सेंटिमीटर पुरत असतील, तर तेवढ्यात सुमारे ९५ टक्के प्रकाश पार होतो.

खरी अडचण वेळेची आहे. फायबर बाहेरून झिजते. प्रकाश आत कोंडून ठेवणारं आवरण आधी जातं, म्हणजे काच शिल्लक असतानाच प्रकाश गळू शकतो.

म्हणून विषय निवडताना विचारा: आपलं काम नेमकं कोणत्या आकड्यापाशी अडतंय?