ड्यूररच्या वळणाची सुंता

जुन्या उस्तादांच्या कामावरून छापचित्रे करणाऱ्या डच कोरकांना आपण नकलाकार म्हणून मोकळे होतो. हार्लेमच्या हेंड्रिक गोल्त्सियसचे काम मात्र त्या शब्दात मावत नाही. मेरीच्या जीवनावरच्या त्याच्या सहा छापांत (१५९३-९४) प्रत्येक प्रसंग वेगळ्या उस्तादाच्या वळणाने येतो. त्यातली ‘येशूची सुंता’ ड्यूररच्या ढंगाची आहे. रचनेचा आधार ड्यूररचाच, पण तो लाकडी ठशाचा. लाकडात रेघ उभी ठेवून भोवतालचे लाकूड काढून टाकतात. तांब्यात कोरणीने रेघच खणावी लागते, आणि दाब बदलला की ती फुगते किंवा निमुळती होते. म्हणजे इथे उचलायला तयार रेघ नव्हतीच, प्रत्येक रेघ नव्याने ठरवावी लागली. शिवाय प्रसंग घडतो हार्लेमच्याच चर्चमध्ये, आणि मागच्या गर्दीतून खुद्द गोल्त्सियस आपल्याकडे पाहतो.

कोणी म्हणेल, ही तर शुद्ध फसवणूक. चरित्रकार कारेल व्हान मांडरने १६०४ मध्ये लिहिले आहे की, काही प्रतींवरचा हा चेहरा आणि नाममुद्रा जाळून, कागद धुरकटवून त्या ड्यूररच्या म्हणून खपवल्या गेल्या. जाणकार फसलेही. पण जाळावी लागली, याचाच अर्थ पत्र्यावर सही होती. लबाडी करायची असती तर ती कोरलीच कशाला असती? फजिती झाली ती नाव पाहून किंमत ठरवणाऱ्या दर्दी मंडळींची, आणि खरे सांगायचे तर ती व्हायलाच हवी होती.