रविवारी न धावलेला धावपटू

करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी भरणाऱ्या इस्थमियन क्रीडामहोत्सवात विजेत्याच्या मस्तकावर जो पानांचा मुकुट चढे तो काही दिवसांतच सुकून जाई, हे त्या नगरीच्या रहिवाशांना कोणी सांगावे लागत नव्हते. म्हणूनच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात श्रद्धावंताच्या जीवनाला शर्यतीची उपमा देताना संत पौलाने त्या सुकणाऱ्या मुकुटासमोर न सुकणारा मुकुट ठेवला आणि भर दिला तो मल्लाच्या आणि धावपटूच्या देहदमनावर. या उपमेचा अर्थ विसाव्या शतकात ज्यांच्या आयुष्यात मला सर्वांत स्पष्ट दिसतो, ते एरिक लिडेल हे स्कॉटिश मिशनरी दांपत्याच्या पोटी चीनमधील तिएनत्सिन येथे १९०२ साली जन्मले.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील त्यांची कथा सर्वश्रुत आहे. शंभर मीटरची प्राथमिक फेरी ६ जुलै रोजी, म्हणजे रविवारी, ठरली आहे असे कळताच, प्रभूचा दिवस शर्यतीसाठी खर्ची घालणे आपल्या विवेकास मान्य नाही, असे सांगून त्यांनी आपल्या हुकमी शर्यतीतून माघार घेतली आणि रविवारीच येणाऱ्या दोन सांघिक शर्यतीही सोडल्या. परंतु या नकारापेक्षा त्यानंतरचे परिश्रम मला अधिक मोलाचे वाटतात. वेळापत्रक कित्येक महिने अगोदर हाती आले होते. ती सारी मुदत त्यांनी टॉम मॅकर्चर या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चारशे मीटरच्या तयारीत घालविली. ११ जुलै रोजी सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातून, जिथून एकही प्रतिस्पर्धी नजरेस पडत नाही, मान मागे टाकून आणि हात वेडेवाकडे फेकीत ते जे धावले, ते ४७.६ सेकंदांचा विक्रम नोंदवूनच थांबले. दोनशे मीटरचे कांस्यपदक त्याआधीच मिळाले होते.

ही चिकाटी पॅरिसमध्ये अकस्मात अवतरलेली नव्हती. आदल्या वर्षी स्टोक-ऑन-ट्रेंट येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते धावपट्टीबाहेर पडले, उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे निघून गेले, तरीही अखेरची रेषा प्रथम ओलांडली ती त्यांनीच.

कीर्तीच्या ऐन भरात, १९२५ साली, ते चीनला परतले. तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकविले. पुढे जपानी आक्रमणाने होरपळलेल्या श्याओचांगच्या ग्रामीण मुलखात ते प्रचारकार्यास गेले. १९४१ साली गर्भवती पत्नीला व दोन मुलींना त्यांनी कॅनडास पाठविले. तिसऱ्या कन्येचे मुखदर्शन त्यांना घडलेच नाही. १९४३ च्या मार्चमध्ये जपानी हुकमाने शांटुंगमधील वेईश्येनच्या छावणीत दीड हजारांहून अधिक परकीय नागरिकांबरोबर ते नजरकैदेत पडले, आणि तेथेच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने त्यांचा अंत झाला. छावणी मुक्त झाली ती पुढच्या ऑगस्टमध्ये.

त्या छावणीत शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी पहाटे बसून ते पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना करीत, आणि दिवसभर वृद्धांचे पाणी भरणे, कोळसा वाहणे, विज्ञान शिकविणे यांत स्वतःला झिजवीत. धावपटूचा रोजचा सराव जसा प्रेक्षकांविना चालतो, तसेच हे चालले होते, आणि म्हणूनच श्रद्धेतील सातत्याचा खरा दाखला मला पॅरिसपेक्षा येथे सापडतो.

आईवडिलांपासून दुरावलेल्या छावणीतील मुलांचे ते ‘अंकल एरिक’ होते. शनिवारपर्यंत त्यांचे खेळ ते आनंदाने घेत. रविवारी मात्र पंचगिरी करीत नसत. एका रविवारी मुलांनी आपले आपणच हॉकीचा सामना मांडला आणि पंच नसल्यामुळे त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. ज्या नियमासाठी जगापुढे सुवर्णपदक पणाला लावण्यास ते कचरले नव्हते, तो नियम त्यांनी या मुलांपुरता बाजूस ठेवला आणि पुढच्या रविवारी पंच म्हणून मैदानात उतरले. काहींना यात शिथिलता दिसेल. मला दिसते ती त्याच निष्ठेची परिपक्वता, कारण पॅरिसमध्ये त्यांनी त्याग केला होता तो स्वतःच्या लाभाचा, आणि वेईश्येनमध्ये सोडला तो स्वतःचा कठोर नेम, परक्यांच्या पोरक्या झालेल्या मुलांसाठी.