खत घातले की मरणारे झाड

आमच्या तालुक्यातल्या एका पॉलिहाऊसवाल्या पोराने शहरातून व्हीनस फ्लायट्रॅपची चार रोपे आणली. माशी बसली की पान मिटते, म्हणून गावभर कौतुक! कुंडीत शेणखत, वरून १९:१९:१९, पाणी बोअरचे. महिन्याभरात रोपे काळी पडली. पुढे सोसायटीचे कर्ज काढून पाचशे रोपे आणायचा त्याचा बेत होता. "साहेब, काय कमी पडलं?" म्हणून विचारायला आला. म्हटलं, "कमी नाही बाबा, जास्त झालं."

शेतकरी बंधूंनो, हे झाड मूळचे अमेरिकेतल्या नॉर्थ व साउथ कॅरोलिनाच्या पाणथळ, आम्लधर्मी जमिनीतले. त्या जमिनीत नत्र-स्फुरद फार थोडे, म्हणून ते किडे धरून पोट भरते. त्याच्या मुळांना खत आणि क्षाराचे पाणी म्हणजे विषच. पीटमॉस व धुतलेली जाड वाळू निम्मी-निम्मी घ्यावी. पाणी साठवलेल्या पावसाचेच द्यावे. खत अजिबात नको.

दुसरी गरज थंडीची. डाळिंबाचा बहार धरताना आपण बागेला ताण देतो, तशी या झाडाला हिवाळ्यात तीन-चार महिने विश्रांती लागते. तापमान साधारण दहा अंशांखाली हवे. ती मिळाली नाही तर झाड खंगत जाते. काही हौशी लोक रोप उपटून, मुळांना ओले शेवाळ गुंडाळून, फ्रिजमध्ये ठेवतात!

पण जागा मानवली तर उलटेच घडते. कॅनडा व पूर्व अमेरिकेतले सारासेनिया पर्प्युरिया हे कीटकभक्षी झाड १९०६ साली आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातल्या दलदलीत लावले. थंडी, पाऊस, निकस माती सगळे जुळले. कोणी खत घातले नाही की निगा राखली नाही, तरी ते दाट पसरले आणि तिथल्या मूळ वनस्पतींच्या जागेवर बसले. गाजरगवताने आपल्याला हाच धडा दिला आहे.

आपल्या कास पठारावरही दवबिंदू, सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती पावसाळ्यात मुळातच उगवतात. परदेशी रोप तिथे टिकेलच असे नाही, तरी उरलेली रोपे पठारावर वा ओढ्याकाठी टाकू नयेत.

हौस जरूर करावी. पण आधी दोन-चार कुंड्यांवर एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढून पाहा. झाड जगले, तर मग कर्जाचं बघू.