भाव ठरला, पण परवाना कुठे आहे?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात जगातील बलाढ्य मोटार कंपन्या एका क्षुल्लक वस्तूसाठी हवालदिल झाल्या होत्या. ही वस्तू म्हणजे गाडीच्या दिव्यांपासून एअरबॅगपर्यंत सर्वत्र लागणारी साधी, स्वस्त चिप. ती मिळेना म्हणून होंडा कंपनीला मेक्सिकोतील आपला कारखाना थांबवावा लागला. कुठे आग लागली नव्हती, की कामगारांचा संप नव्हता. दोन सरकारांनी दोन आदेश काढले होते, इतकेच.

ही चिप बनविणारी नेक्सपेरिया कंपनी नेदरलँड्सची, पण तिची मालकी विंगटेक या चिनी कंपनीकडे. चिपच्या चकत्या मुख्यतः जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे तयार होतात आणि त्यातील बराच माल कापणी, वेष्टन व तपासणीसाठी चीनमधील डोंगुआनला जातो. ३० सप्टेंबर २०२५ रोजी नेदरलँड्स सरकारने १९५२ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन कंपनीच्या कारभारावर नियंत्रण आणले. ४ ऑक्टोबरला चीनने तेथील कारखान्यातून माल बाहेर पाठविण्यास बंदी केली. नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्सने आपला आदेश स्थगित केला व चीननेही निर्बंध सैल केले. परंतु तोपर्यंत व्यापारी जगाला जो धडा मिळायचा तो मिळाला होता.

जुनीच रीत, नवा विस्तार

पूर्वी दोन देशांतील व्यापार आडवायचा तर आयात कर वाढविला जाई. कर कितीही असला तरी तो भरून माल आणता येतो. फार तर नफा घटतो. परवान्याचे तसे नाही. परवाना नाकारला की कितीही पैसा मोजला तरी माल बंदरातून हलत नाही.

ही रीत अगदीच नवी नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी ‘कोकॉम’ नावाची समिती नेमून सोव्हिएत गटाला प्रगत यंत्रे मिळू नयेत असा बंदोबस्त केला होता. ही समिती १९९४ मध्ये बंद झाली. त्याच काळात भारताला हव्या त्या क्षमतेचा महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ संगणक तयार झाला.

फरक एवढाच की तेव्हा बंदी शस्त्रे, अणुशक्ती, महासंगणक अशा मोजक्या वस्तूंपुरती होती. आज तिची झळ मोबाइलपासून स्कूटरपर्यंत पोहोचली आहे.

कायद्याचा लांब हात

अमेरिकेने २०१९ मध्ये चीनच्या ह्युवेई कंपनीला काळ्या यादीत टाकले. २०२० मध्ये नियम आणखी कडक केला. अमेरिकी यंत्रे किंवा सॉफ्टवेअर वापरून ह्युवेईसाठी बनविलेली चिप, मग ती कोणत्याही देशात बनलेली असो, परवान्याशिवाय विकता येणार नाही, असे ठरले. त्यामुळे तैवानच्या टीएसएमसी कंपनीने आपले हे मोठे गिऱ्हाईक सोडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिप व त्या बनविण्याची यंत्रे यांच्यावर चीनसाठी व्यापक निर्बंध आले. सर्वांत सूक्ष्म चिप छापणारी यंत्रे जगात केवळ नेदरलँड्सची एएसएमएल कंपनी बनविते. ती यंत्रे चीनला विकण्याचा परवाना तिला मिळालेला नाही.

चीननेही आपल्या हातातील नाका ओळखला. ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियम या धातूंच्या निर्यातीस परवाना सक्तीचा झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मूलद्रव्ये व त्यांपासून बनणारी चुंबके यांनाही तोच नियम लागला. अशा चुंबकांचे जगातील सुमारे ९० टक्के उत्पादन चीनमध्ये होते. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीत हीच चुंबके असतात. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोला विजेच्या स्कूटरचे उत्पादन घटविण्याची वेळ आली. वॉशिंग्टन आणि बीजिंग यांच्या भांडणाचा फटका असा थेट आपल्या दारात येऊन पोहोचला.

मधल्या देशांची कसरत

या ओढाताणीत काही देशांचे भाग्यही उजळले. मलेशियातील पेनांगमध्ये १९७२ पासून चिपचे कारखाने आहेत. आज जगातील चिपच्या वेष्टन व तपासणीचे सुमारे १३ टक्के काम मलेशियात होते. दोन्ही बाजूंच्या कंपन्या तेथे भांडवल घेऊन येत आहेत. पण मधल्या दुकानदाराला दोन्ही गिऱ्हाइकांचे रुसवे सांभाळावे लागतात. जुलै २०२५ मध्ये मलेशियाने अमेरिकी बनावटीच्या प्रगत चिप देशातून बाहेर पाठविण्यास, तेथून केवळ पुढे जाणाऱ्या मालासही, परवाना आवश्यक केला.

लहान कारखानदाराने काय ओळखावे?

मोठ्या कंपनीकडे वकील असतात, थोडाफार साठा असतो. पण तिला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराकडे यातील काहीही नसते. वरची ऑर्डर थांबली की त्याचे यंत्र थांबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आपण घेतो तो माल शेवटी कोणत्या देशातून येतो, हे त्याने पुरवठादाराला विचारलेच पाहिजे. एकाच देशावर विसंबून असेल, तर थोडा महाग का होईना, दुसरा पुरवठादार पाहून ठेवावा.

निर्यात करणाऱ्यांनी आपल्याकडील नियमही जाणून घ्यावेत. भारताचीही ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. त्यातील काही रसायने, अचूक यंत्रे, ड्रोन व इलेक्ट्रॉनिक वस्तू बाहेर पाठविण्यासाठी परवाना लागतो. माल अखेर कोण व कशासाठी वापरणार, याचा लेखी दाखला मागितला जातो. हा कागद आधीच तयार ठेवणाऱ्याचा माल वेळेवर निघेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिका व चीन यांनी काही निर्बंध एका वर्षासाठी स्थगित केले. ते रद्द केलेले नाहीत, हे ध्यानात ठेवावे. व्यापाऱ्याने आजवर भाव, प्रत आणि वेळ या तीन गोष्टी पाहिल्या. आता चौथीही पाहावी लागेल: या मालाच्या वाटेवर कोणकोणत्या सरकारांचे नाके आहेत?