विद्यापीठ आणि कारखाना : विद्यार्थी संघटनांचा दुवा

सांताक्रूझ स्थानकाच्या पूर्वेस कालिना येथे मुंबई विद्यापीठाचा विद्यानगरी परिसर आहे; पश्चिमेस जुहू मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे तंत्रशिक्षणाचे वर्ग चालतात. काही किलोमीटरवर अंधेरीत १९७३ साली सीप्झ हे निर्यातीसाठीचे औद्योगिक क्षेत्र सुरू झाले. विद्या आणि उद्योग असे शेजारी नांदत असले, तरी केवळ शेजारामुळे पदवीधराला यंत्रासमोर उभे राहण्याची संधी मिळत नाही.

हा दुवा जोडण्याचा एक मार्ग कायद्याचा होय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. दुसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या पुढाकाराचा. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९८ साली ‘ई-सेल’ हा उद्योजकता कक्ष उभारला. त्याच्या ‘युरेका’ स्पर्धेत विद्यार्थी आपल्या उद्योगाची योजना मांडतात आणि अनुभवी उद्योजक तिची कठोर छाननी करतात. भांडवलाचा हिशेब कोठे चुकला हे तेथे कळते. पाठ्यपुस्तक ते क्वचितच सांगते. पुढे २००४ मध्ये संस्थेने नवउद्योगांना जागा व मार्गदर्शन देणारे ‘साइन’ केंद्र स्थापिले. संस्थेच्याच विद्यार्थ्यांनी २००७ साली सुरू केलेली, ड्रोन बनविणारी ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी याच केंद्राच्या आधाराने वाढली.

पवईच्या नावाला दारे उघडतात. सामान्य महाविद्यालयाचे काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला स्थान मिळाले. अट सर्वांना सारखी, ओळखी मात्र सारख्या नसतात. ज्याचे काका कारखान्यात, त्याला काम मिळते. इतरांच्या वाट्याला पुष्कळदा नुसते प्रमाणपत्र येते, आणि त्यावर शिक्का असला की आपणही फारसे विचारीत नाही.

येथेच विद्यार्थी संघटनेची खरी गरज आहे. परिसरातील कारखाने, दूधसंघ, शीतगृहे यांच्याकडे किती विद्यार्थ्यांना वाव आहे, तेथे काम खरोखर शिकवितात की चहा आणायला पाठवितात, याची नोंद तीच ठेवू शकते. ग्रामपंचायतीचे हिशेब आणि पाणीपुरवठा योजना हीदेखील वाणिज्य व विज्ञान शाखांसाठी उत्तम कार्यशाळा ठरतील. अडचण एकच : संघटनेतील मुले वर्षा-दोन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात आणि जमविलेल्या ओळखी त्यांच्याबरोबर जातात. म्हणून नोंदवही एखाद्या स्थायी प्राध्यापकाच्या कपाटात राहावी, तीत मजकूर मात्र विद्यार्थ्यांनीच लिहावा.