फाटकी पलटण

एका जिल्ह्याच्या गावी जुन्या वाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. मला हवे असलेले कागद मागच्या कोठीत होते. दिव्याचं बटण दाराच्या आत, डाव्या हाताला. ते चाचपडताना माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर पडला आणि मी चटकन "माफ करा" म्हणालो. उत्तर आलं नाही. दिवा लागला तर समोर मुंडासं बांधलेला मावळा. एका डोळ्याचं बुबुळ उडालेलं, उजवा हात कोपरातून निखळून पायाशी ठेवलेला, पडू नये म्हणून पोटाला नायलॉनची दोरी. मागून शिपाईमामा हसत आले. "घाबरू नका साहेब. नवीन माणसाला एकदा तरी तो हिसका देतोच. मीच पहिल्या आठवड्यात त्याला 'कोण रे तिकडं' म्हणून दरडावलं होतं."

हाच मावळा दालनात, दोरीपलीकडे, पाटीसकट उभा असता तर मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो असतो. कोठीत मात्र त्याची ओळख करून द्यायला कुणी नव्हतं.

घरी आल्यावर अशा कोठीतल्या मंडळींची माहिती काढू लागलो आणि थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जाऊन पोचलो. तिथल्या पुतळ्यांना इंग्रज लोक थट्टेने 'रॅगेड रेजिमेंट' म्हणत आले. आपल्या भाषेत फाटकी पलटण. या पलटणीतले शिपाई म्हणजे इंग्लंडचे राजे आणि राण्या.

राजा वारला की अंत्ययात्रेची तयारी लांबे. तोवर प्रेत उघडं ठेवण्याजोगं राहत नसे. म्हणून राजाच्या चेहऱ्यामोहऱ्याची पूर्णाकृती प्रतिमा करायची, तिला राजवस्त्रं घालायची आणि ती शवपेटीवर निजवून मिरवणूक काढायची. 1377 मध्ये वारलेल्या तिसऱ्या एडवर्डची लाकडी प्रतिमा अजून शाबूत आहे. तिचं तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं दिसतं. चेहरा मृत्यूनंतरच्या साच्यावरून घेतला असावा आणि ती पक्षाघाताची खूण असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. राजाला देखणा करायला कारागिराला कोण अडवणार होतं? त्याने वाकडं तोंड वाकडंच ठेवलं.

फ्रान्समध्ये तर याहून पुढची पायरी. 1547 मध्ये पहिला फ्रान्सिस वारल्यावर त्याच्या प्रतिमेपुढे रोज वेळच्या वेळी ताटं मांडली जात आणि मानकरी अदबीने जेवण वाढत. नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवणाऱ्या आपण याला हसू नये. राजा गेला तरी राजेपण क्षणभरही खंडित होऊ द्यायचं नाही, यासाठी तो सगळा खटाटोप होता. म्हणजे ही प्रतिमा जिवंत वाटणं हेच तिचं काम. पहिल्या एलिझाबेथची अंत्ययात्रा 1603 मध्ये निघाली, तेव्हा पेटीवरची राणीची मूर्ती पाहून रस्त्यावरचे लोक ढसाढसा रडल्याचं त्या काळच्या बखरकाराने, जॉन स्टोने, नोंदवलंय.

मिरवणूक संपली की प्रश्न उरे, आता हिला ठेवायची कुठे? मोडायची तर राजाची मूर्ती, ठेवायची तर जागा खाणार. मग ॲबीतच कपाटांमध्ये त्यांची रवानगी झाली. भरजरी कपडे विरले, गेले. लाकडाची धडं उघडी पडली. एलिझाबेथची मूळ मूर्ती इतकी खिळखिळी झाली की 1760 मध्ये मेणाची नवी करावी लागली. पुढे कधीतरी तिचे कपडे उतरवून पाहिले, तर आत 1603 च्या मूळ मूर्तीची काचोळी निघाली.

सतराव्या शतकापासून मेण आलं आणि चेहऱ्यांना कातडीची कांती आली. दुसऱ्या चार्ल्सचा मेणाचा पुतळा त्याच्या थडग्यापाशी शतकाहून जास्त काळ उभा होता. दुसरं स्मारकच त्याला नव्हतं. मला सगळ्यात भावते ती रिचमंडची डचेस, फ्रान्सिस स्टुअर्ट. 1702 मध्ये ती वारली. तिच्या शेजारी तिचा पेंढा भरलेला आफ्रिकी पोपट आहे. मालकीणबाईंमागे तो काही दिवसच जगला म्हणतात. बाई मेणाची आणि पोपट खरा, ही जोडी पाहून कुठल्या बाजूने दचकावं ते कळत नाही.

या पुतळ्यांचा पुढे धंदाही झाला. पैसे घेऊन ते दाखवायचे आणि त्यातून ॲबीतल्या गायकांच्या व कनिष्ठ धर्मगुरूंच्या तुटपुंज्या पगाराला हातभार लावायचा. 1806 मध्ये नौसेनापती नेल्सनला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये पुरलं आणि गर्दी तिकडे वळली, तेव्हा ॲबीने कॅथरीन अँड्रास हिच्याकडून नेल्सनचा मेणाचा पुतळा घेतला. प्रेत त्यांच्याकडे, पुतळा आमच्याकडे! हा खेळ 1839 मध्ये बंद झाला.

दचकण्याचं शास्त्रही आहे. जर्मन मानसतज्ज्ञ एर्न्स्ट येंच याने 1906 मध्येच मेणाच्या पुतळ्यांचं उदाहरण देऊन सांगितलं होतं, की समोरचं सजीव की निर्जीव हे ठरत नाही, त्या अर्ध्या क्षणात अंगावर काटा येतो. 1970 मध्ये जपानच्या मासाहिरो मोरी यांनी त्याचा आलेखच मांडला. यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसा तो आवडत जातो, पण अगदी माणसाजवळ पोचला की आवड एकदम कोसळते. त्या खड्ड्याला त्यांनी 'बुकिमी नो तानी', म्हणजे अस्वस्थतेची दरी, असं नाव दिलं. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात बलुतेदारांचे शेकडो पुतळे आहेत. तिथे दचकायला होत नाही. लख्ख ऊन, उघडं अंगण आणि जो तो आपल्या कामात. माझ्या मते अंधार आणि एकटेपण मिळाल्याशिवाय ही दरी पुरती उघडत नाही.

उलटा प्रकारही घडलाय. डिसेंबर 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या करमणूक बागेत टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. टांगलेला एक भडक रंगवलेला पुतळा हलवताना त्याचा हात तुटला आणि आत हाड दिसलं. तो एल्मर मॅककर्डी होता. रेल्वे लुटणारा हा चोर 1911 मध्ये ओक्लाहोमात गोळी लागून मेला. प्रेत न्यायला कुणी आलं नाही, म्हणून मसाला भरून ते पैशांसाठी दाखवलं गेलं. मग या जत्रेतून त्या जत्रेत फिरता फिरता हा माणूस होता हेच लोक विसरले. 1977 मध्ये त्याला पुरलं आणि पेटीवर काँक्रीट ओतलं.

याच गोष्टीचं सगळ्यात विलक्षण रूप पुन्हा वेस्टमिन्स्टरमध्येच सापडतं. पाचव्या हेन्रीची राणी कॅथरीन 1437 मध्ये वारली. तिची लाकडी मूर्ती इतरांबरोबर कोठीत गेली. पुढे चॅपेल पाडून नवं बांधताना तिची कबर हलली आणि सुकलेलं प्रेत उघड्या पेटीत लोकांना दिसेल असं राहिलं. 23 फेब्रुवारी 1669 रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स तिथे गेला. त्याने राणीला हातांत धरलं, तिच्या ओठांचं चुंबन घेतलं आणि घरी येऊन तसं लिहूनही ठेवलं. लाकडाची राणी कपाटात होती आणि खरी राणी प्रदर्शनात.

खऱ्या राणीला 1878 मध्ये पाचव्या हेन्रीच्या चॅपेलमध्ये कायमची जागा मिळाली. लाकडी कॅथरीन ॲबीच्या संग्रहात अजून आहे.