‘सैयारा’ मोबाइलवर, ‘दशावतार’ पडद्यावर

१२ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार आठवून पाहा. गणपती जाऊन सहा दिवस झाले होते आणि पितृपक्ष सुरू होता. या पंधरवड्यात आपल्याकडे गाडी घेत नाहीत, घराचं टोकन देत नाहीत, साडीसुद्धा नवरात्रावर ढकलतात. पण त्या दिवशी मराठीत एकदम तीन चित्रपट लागले: दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’, ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे यांचा ‘आरपार’ आणि प्रिया बापट, उमेश कामत यांचा ‘बिन लग्नाची गोष्ट’. शेजारच्या पडद्यांवर तेलुगू ‘मिराय’ आणि ‘डेमन स्लेयर’ हा जपानी ॲनिमेशनपट होता. ज्यांना घराबाहेर पडायचंच नव्हतं त्यांच्यासाठी नेटफ्लिक्सवर त्याच दिवशी ‘सैयारा’ आला.

शुक्रवार आला की ‘या आठवड्यात काय नवीन’ अशी यादी सगळीकडे छापून येते. हा इथे, तो तिथे, अमका तमक्या ॲपवर. यादीत सगळे सारखेच दिसतात, एकाखाली एक. पण त्या यादीतली प्रत्येक तारीख कुणीतरी भांडून, घासाघीस करून ठरवलेली असते. हिंदीचा हिशोब वेगळा आणि मराठीचा वेगळा. म्हणूनच ‘ओटीटीवर आला की बघू’ हे वाक्य हिंदी चित्रपटाबद्दल बोललं तर बिघडत नाही, मराठीबद्दल बोललं तर फार महागात पडू शकतं.

‘सैयारा’पासून सुरुवात करू. तो चित्रपटगृहात लागला १८ जुलैला. तिथून दिवस मोजले तर १२ सप्टेंबरला बरोबर छप्पन्न भरतात, म्हणजे आठ आठवडे. योगायोग वाटत असेल तर आणखी काही तारखा पाहा. लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला आणि ११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला: छप्पन्न दिवस. ‘ॲनिमल’ १ डिसेंबर २०२३ ते २६ जानेवारी २०२४: छप्पन्न. ‘जवान’ ७ सप्टेंबर २०२३ ते २ नोव्हेंबर: पुन्हा छप्पन्न. २ नोव्हेंबर हा शाहरुख खानचा वाढदिवस, म्हणून लोकांना ती त्याने चाहत्यांना दिलेली भेट वाटली. भेट असेलही, पण तारीख कॅलेंडरने आधीच देऊन ठेवली होती.

ही आठ आठवड्यांची अट कुठल्या कायद्यात नाही. ती मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची आहे. हिंदी चित्रपटाने आठ आठवडे ओटीटीवर जायचं नाही, तसं लेखी दिलं नाही तर आमचे पडदे मिळणार नाहीत, एवढा सरळ व्यवहार. कोविडनंतर थिएटरं उघडली तेव्हा त्यांनाच चित्रपटांची गरज होती, म्हणून काही काळ ही अट चार आठवड्यांवर आली. ऑगस्ट २०२२ पासून पुन्हा आठ. दक्षिणेतल्या चित्रपटांना मात्र तिकडच्या रिवाजाप्रमाणे चार आठवडे चालतात आणि त्यातून मजेशीर पेच उभे राहतात. विजयचा ‘लिओ’ १९ ऑक्टोबर २०२३ ला आला. तो पाच आठवड्यांत नेटफ्लिक्सवर जाणार होता, तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीला राष्ट्रीय साखळ्यांनी दारातच अडवलं. तमिळ आवृत्ती त्याच इमारतींत चालू होती.

अट मोडायला गेलं की काय होतं, ते २०२५ च्या मे महिन्यात दिसलं. ‘भूल चूक माफ’ ९ मे रोजी लागणार होता. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या त्या दिवसांत निर्मात्यांनी आदल्या दिवशी जाहीर केलं की चित्रपट थिएटरमध्ये येणारच नाही, १६ मे रोजी थेट प्राइम व्हिडिओवर येईल. तिकिटं विकून बसलेलं पीव्हीआर आयनॉक्स मुंबई उच्च न्यायालयात गेलं, साठ कोटींचा दावा लावला आणि न्यायालयाने ओटीटीवरचं प्रदर्शन थांबवलं. पुढे तडजोड झाली. चित्रपट २३ मे रोजी थिएटरमध्ये लागला आणि ६ जूनला घरी पोचला. म्हणजे आठाचे दोन आठवडे झाले. हट्टाला पेटलेली अट तडजोडीत इतकी वाकू शकते, हे त्या निमित्ताने सगळ्यांनीच लक्षात घेतलं असणार.

आमिर खानने तिसरीच वाट धरली. ‘सितारे जमीन पर’ २० जूनला थिएटरमध्ये आला, मग कुठल्याही ओटीटीला न विकता १ ऑगस्टला त्याने तो यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने ठेवला. वर्षभराची वर्गणी भरून कोपऱ्यात पडलेलं ॲप नको, जो चित्रपट बघायचा त्याचेच पैसे द्या, असा त्याचा सूर होता. विचार जुनाच. २०२१ च्या मेमध्ये सलमानचा ‘राधे’ २४९ रुपयांना घरी दाखवला होता, तेव्हा थिएटरं बंद होती आणि दुसरा पर्यायच नव्हता.

आता थिएटरवाल्यांना आठ आठवडे कशाला हवेत? बहुतेक चित्रपट तिसऱ्या आठवड्यात उतरलेले असतात, मग उरलेल्या पाच आठवड्यांच्या राखणीचा उपयोग काय? याचं उत्तर तिकिटाच्या पैशांत आहे. समजा तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलंत. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. उरले दोनशे. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. त्या भांडणाच्या अखेरीस ठरलेली वाटणी अशी: निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यापासून पुढे तीस. तुमच्या दोनशे रुपयांतले पहिल्या आठवड्यात शंभर निर्मात्याकडे जातात, दुसऱ्यात पंच्याऐंशी, तिसऱ्यात पंच्याहत्तर आणि नंतर साठ. चित्रपट जितका मुरेल तितका थिएटरचा वाटा मोठा. म्हणून थिएटरला चौथा आठवडाही प्यारा आणि निर्मात्याचा सगळा जीव पहिल्या तीन दिवसांत. शिवाय पॉपकॉर्न आहेच. त्यात निर्मात्याला दाणाही मिळत नाही आणि ऑनलाइन बुकिंगवर जे जादा पैसे कापले जातात त्यातही नाही.

मराठी निर्माता या वाटणीपर्यंत पोचायच्या आधीच अडखळतो, कारण त्याला दुसरा आठवडाच नीट मिळत नाही.

बुधवारी संध्याकाळी बुकिंगचं ॲप उघडा आणि शुक्रवारी लागणारा एखादा मध्यम बजेटचा मराठी चित्रपट शोधा. उपनगरातल्या सहा-सात पडद्यांच्या मल्टिप्लेक्समध्ये त्याचा एक खेळ सकाळी सव्वादहाचा दिसेल, दुसरा रात्री पावणेअकराचा. मधल्या वेळात मोठा हिंदी चित्रपट तासातासाला लागलेला. सव्वादहाला नोकरदार माणूस कामावर असतो आणि रात्री पावणेअकराच्या खेळाला आई-वडिलांना घेऊन कोणी जात नाही. साहजिकच रविवारपर्यंत खुर्च्या रिकाम्या राहतात. सोमवारचे आकडे बघून प्रोग्रॅमिंगवाले म्हणतात, ‘बघा, प्रेक्षकच नाही.’ पुढच्या शुक्रवारी दोनाचा एक खेळ होतो, कधी शून्य. आधी वेळ द्यायची नाही आणि मग आला नाही म्हणून काढायचं, हा प्रकार इतका रुळलाय की तक्रार करणाऱ्यालाच आता कंटाळा येतो.

सरकारने यात हात घालून पाहिलाय. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी जाहीर केलं की मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट प्राइम टाइमला, संध्याकाळी सहा ते नऊ, दाखवावाच लागेल. गदारोळ झाला, बैठका झाल्या आणि प्राइम टाइमची व्याख्या बदलून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी झाली. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणायचं ठरल्यावर दोन्ही बाजू खूश. मंगळवारी दुपारी बारा वाजता प्राइम टाइम कुणाचा असतो, हे कुणी विचारलं नाही.

दहा वर्षांनंतर त्याच १८ जुलै २०२५ ला, ‘सैयारा’च्या जोडीने, ‘ये रे ये रे पैसा ३’ लागला होता. ‘सैयारा’ला तरुणांनी डोक्यावर घेतलं आणि मराठी चित्रपटाचे खेळ भराभर कमी झाले. त्या वेळी आवाज उठला, आंदोलनाची भाषा झाली. निर्मात्यांत अमेय खोपकर होते, मनसेच्या चित्रपट सेनेचे अध्यक्ष. ज्या निर्मात्यामागे पक्ष नाही, त्याचे खेळ कधी गेले हे त्याच्या नातेवाइकांनासुद्धा पुढच्या आठवड्यात कळतं. थिएटरवाल्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. पडदा रिकामा ठेवून वीज आणि वातानुकूलन चालवायचं तर पैसा कुठून येणार? ‘सैयारा’ची रांग दारात उभी असताना दुसरा चित्रपट लावून ठेव म्हणणं व्यापारात बसत नाही. पण खेळाच्या वेळा ठरवताना दाखवलेली कंजुषी या युक्तिवादात झाकली जाते, हेही खरं.

मग ओटीटी तरी वाचवतं का? ‘दशावतार’ला वाचवायची गरजच पडली नाही. सुबोध खानोलकरांच्या या चित्रपटात दशावतारी नाटकांत आयुष्य घालवलेला, नजर अधू होत चाललेला म्हातारा नट एक्याऐंशी वर्षांच्या प्रभावळकरांनी असा उभा केला की कोकणातल्या माणसांनी आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनी तोंडोतोंडी सांगत गर्दी वाढवली. नऊ आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, तो झी फाइव्हवर आला. त्यामागे झी स्टुडिओज होतं, त्यामुळे पुढचं घर कोणतं हे ठरलेलंच. रितेश देशमुखच्या ‘वेड’चं उदाहरण याहून बोलकं. ३० डिसेंबर २०२२ ला लागलेला तो चित्रपट थिएटरमध्ये इतका चालला की हॉटस्टारवर यायला २८ एप्रिल उजाडला, म्हणजे सतरा आठवडे.

हे झाले चाललेले चित्रपट. न चाललेल्यांची गोष्ट वेगळी. कोविडच्या काळात ओटीटी कंपन्या चित्रपट न बघताही विकत घ्यायच्या म्हणतात. तेव्हा चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ व्हेनिसहून पटकथेचा पुरस्कार घेऊन एप्रिल २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. ‘जून’ हा चित्रपट त्याच वर्षी प्लॅनेट मराठीवर आला. तो ओघ आता आटलाय. आता ओटीटीवाले आधी थिएटरचे आकडे मागतात, त्यावर भाव ठरतो, आणि प्रादेशिक भाषांच्या खरेदीत मराठीचा नंबर तमिळ, तेलुगू, मल्याळमच्या बराच मागे लागतो. म्हणजे सव्वादहाच्या खेळाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या की त्याची किंमत दोनदा मोजावी लागते: एकदा तिकिटबारीवर आणि एकदा करार करताना. काही चित्रपट मग वर्षभराने एखाद्या वाहिनीवर रविवारी दुपारी जाहिरातींच्या मधून मधून दिसतात. काही तेही नाही.

‘लोक आता घरीच बघतात’ हे सरसकट म्हणणाऱ्यांनी ‘तुंबाड’कडे पाहावं. राही अनिल बर्वेचा हा चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही. नंतर कित्येक वर्षं तो प्राइमवर कुणालाही बघता येत होता. तरी १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरमध्ये लावला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावलं. घरी बघितलेल्यांनीच मित्रांना सांगितलं आणि स्वतःही पुन्हा गेले. मोबाइलवर तो पाऊस आणि तो वाडा पुरेसा दिसत नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. आठ आठवड्यांची भिंत बांधणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. घरी सापडणारा चित्रपट थिएटरचा शत्रूच असतो, असं नाही.

वाचक म्हणून यातलं आपल्या कामाचं काय? मोठा हिंदी चित्रपट थिएटरमध्ये बघायचा नसेल तर लागल्याच्या तारखेत छप्पन्न दिवस मिळवा आणि निश्चिंत राहा, एखाद्या आठवड्याचा फरक पडेल इतकंच. भाड्याने घेऊन बघणार असाल तर प्राइमवर भाडं भरल्यापासून तीस दिवसांत सुरू करावा लागतो आणि एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवावा लागतो. पाहुणे येणार असतील त्या शनिवारी अर्धवट सोडून चालत नाही. आणि मराठी चित्रपटाच्या बाबतीत भित्तिपत्रकाच्या तळाशी असलेली बारीक चिन्हं वाचा. तिथे झी किंवा जिओसारख्या, स्वतःचं ॲप आणि वाहिन्या असलेल्या मोठ्या कंपनीचं नाव असेल तर तो आज ना उद्या घरी येण्याची शक्यता बरीच. असं एकही नाव नसेल, फक्त निर्मात्याचं आणि गावच्या सात-आठ सहनिर्मात्यांची आडनावं असतील, तर तिकीट रविवारच्या आत काढा. सव्वादहाचा खेळ असला तरी.